खाण गेल्यावर गावाचं दप्तर कोण सांभाळणार?

कोळशाच्या खाणी बंद पडलेल्या डोंगराळ गावात स्थानिक इतिहासाच्या संग्रहालयाचा विषय निघाला की वाद ठरलेल्या चाकोरीत फिरतो. एक पक्ष म्हणतो, वारसा जपा, पर्यटक येतील, पोरांना काम मिळेल. दुसरा विचारतो, कुठे आहेत तुमचे पर्यटक? छप्पर गळतंय, तिकीटखिडकीवर शुकशुकाट आहे, आणि जग कोळसा सोडायला निघालेलं असताना तो काचेच्या पेटीत ठेवून मिरवायचा कशाला? भांडण हिरिरीने होतं, पण दोन्ही बाजूंच्या हातातली मोजपट्टी एकच असते: वर्षाला किती तिकिटं फाटली. जपानच्या होक्काइदो बेटावरचं युबारी तर या वादात दोन्हीकडून दाखल्यासारखं वापरलं जातं. कुणी म्हणतं, खाण गेल्यावर त्यांनी इतिहासाच्या बळावर उभं राहायचा प्रयत्न तरी केला. कुणी म्हणतं, त्याच नादात अख्खी नगरपालिका बुडाली.

माझं म्हणणं सरळ आहे. संग्रहालयाने गावाचं पोट भरावं ही अपेक्षाच मुळात चुकीची आहे. खाणीची जागा संग्रहालय घेऊ शकत नाही, आणि घ्यायला गेलं तर गावही बुडतं आणि इतिहासही. त्याचं काम गावाचं दप्तर सांभाळण्याचं. तलाठ्याच्या दप्तरातून यंदा किती उत्पन्न निघालं असं कुणी विचारत नाही, पण ते जळालं तर काय होतं ते जमीन कसणाऱ्याला विचारावं. खाणीच्या गावात कोण आलं, कुणाला आणलं गेलं, मजुरी काय होती, कोणत्या पाळीत कोण मेलं, कंपनी जाताना काय घेऊन गेली आणि काय टाकून गेली, या नोंदी जिथे राहतील ती जागा म्हणजे संग्रहालय. म्हणून ते सार्वजनिक पैशावर चालावं, लहान असावं, आणि आत काय मांडलंय याबाबत गावाने अजिबात भिडस्त राहू नये.

युबारीची गोष्ट नीट सांगितली जात नाही, म्हणून आधी ती. डोंगरांमधली अरुंद दरी. मूळची ही भूमी ऐनू या आदिवासींची. १८८८ मध्ये इथे कोळशाचा उघडा पडलेला थर सापडला आणि दोन वर्षांत खाणकाम सुरू झालं. तो थर आजही संग्रहालयाजवळ डोंगराच्या कापात दिसतो. एकावर एक तीन पट्टे, मिळून सात मीटरच्या आसपास जाडी, उभा माणूस त्याच्यापुढे खुजा दिसावा असा. या काळ्या पट्ट्यावर एक शहर वसलं. १९६० च्या सुमारास तिथे १ लाख १७ हजारांच्या जवळपास माणसं राहत होती. मग देशाने तेलाकडे मोर्चा वळवला, स्वस्त परदेशी कोळसा येऊ लागला, एकेक खाण बंद होत गेली आणि १९९० मध्ये शेवटचीही मिटली. आज लोकसंख्या सात हजारांच्याही आत आहे. एका माणसाच्या हयातीत शंभरातली नव्वदहून जास्त माणसं निघून गेलेलं हे गाव.

१९७९ पासून २००३ पर्यंत महापौर राहिलेल्या तेत्सुजी नाकातांनी ‘खाणीकडून पर्यटनाकडे’ अशी घोषणा दिली. १९८० मध्ये कोळसा संग्रहालय उभं राहिलं, आणि मग त्याच्याभोवती ‘कोळशाच्या इतिहासाचं गाव’ नावाचा एक प्रचंड पसारा. त्यात मोठा पाळणा आणि जत्रेतले खेळ होते, पेंढा भरलेल्या देशोदेशींच्या प्राण्यांचं दालन होतं, रोबोंचं विज्ञानकेंद्र होतं. स्की-मैदानं, हॉटेलं, चित्रपट महोत्सव, सगळं आलं. २००६ मध्ये हिशेब उघडा पडला आणि मार्च २००७ मध्ये नगरपालिका अधिकृतपणे दिवाळखोर ठरली. तूट सुमारे साडेतीन हजार कोटी येन, आणि ती फेडायला उरलेली माणसं तेरा हजारांच्या आसपास.

इथे विरोधकांचा सर्वांत जोरकस मुद्दा येतो, आणि तो हात झटकून उडवून लावता येत नाही. दिवाळखोरीनंतर युबारीचं १७१ खाटांचं रुग्णालय १९ खाटांच्या दवाखान्यावर आलं. प्राथमिक शाळा एकत्र करत करत एकच उरली. सार्वजनिक वाचनालय बंद झालं. पालिकेचे निम्म्याहून जास्त कर्मचारी गेले, उरलेल्यांचे पगार कापले, नागरिकांचे कर वाढले. अशा गावात एखाद्या म्हातारीने विचारलं की माझ्या डायलिसिसला गाव सोडून जावं लागतं आणि तुम्ही जुन्या टोप्या आणि दिव्यांना छप्पर कसलं घालताय, तर तिला वारशावर व्याख्यान देण्याची हिंमत निदान माझ्यात नाही. दवाखाना आणि संग्रहालय यांत एकच निवडायचं असेल तर दवाखानाच निवडावा.

पण निवड खरोखर या दोघांत होती का? युबारीची नगरपालिका संग्रहालयामुळे बुडाली नाही. बुडाली ती संग्रहालयाला जत्रा बनवल्याने, आणि त्याहून जास्त, जत्रा बनवावी लागली त्या कारणाने. पेंढा भरलेल्या प्राण्यांचा कोळशाशी काय संबंध? काहीच नाही. संबंध होता तो पर्यटकाला दुपार घालवायला काहीतरी हवं या गरजेशी. एकदा तिकीट हेच माप ठरलं की खाणकामगाराच्या हजेरीपटापेक्षा पाळणा भारी ठरणार, यात आश्चर्य कसलं? नोंदी सांभाळायला एक कोरडी खोली, दोन-तीन जाणकार माणसं आणि सातत्य लागतं. जत्रेला दरवर्षी नवा खेळ लागतो, नव्या खेळाला नवं कर्ज, आणि जुनं कर्ज लपवायला एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वर्षाअखेरीची फिरवाफिरवी. युबारीत हेच झालं. या अपयशाचं बिल इतिहासाच्या नावावर फाडणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

आणि अर्धी गोष्ट तर जत्रेच्या आधीचीच आहे. खाणी असताना घरं कंपनीची, पाणी कंपनीचं, रुग्णालय कंपनीचं, न्हाणीघरं कंपनीची. खाण मिटली आणि कंपनी या सगळ्यातून अंग काढून मोकळी झाली. कामगारांच्या चाळी, जमिनी, नळयोजना, रुग्णालय, सगळं पालिकेने विकत घेतलं, दुरुस्त केलं, चालवलं, आणि त्यासाठी अब्जावधी येनचं कर्ज काढलं. लोक निघून जात होते, कर देणारे कमी होत होते, आणि ज्या वस्तीचा नफा दुसरीकडे गेला तिच्या देखभालीचा खर्च मागे राहिलेल्यांवर येत होता. ‘पालिकेने खेळण्यांत पैसे उडवले’ हे वाक्य खरं आहे, पण अर्धंच. ते अर्धं वाक्य वर्तमानपत्रात छापून आलं, जगभर गाजलं. उरलेलं अर्धं कुठे वाचायला मिळणार? ज्या गावात घडलं तिथल्या संग्रहालयात नाही तर आणखी कुठे?

काहींना हा सगळा भावनेचा मामला वाटतो. मग भावनेपासून लांबचं उदाहरण घेऊ. कोळशाच्या धुळीने फुप्फुसं दगडासारखी होतात, आणि हा आजार खाण सोडल्यावर वीस-वीस वर्षांनीही डोकं वर काढतो. तोवर कंपनी बुडालेली असते, तिची कागदपत्रं कुणाच्या तरी गोदामात कुजलेली असतात. म्हाताऱ्याने सिद्ध काय करायचं? की मी अमुक साली अमुक खाणीत, अमुक पाळीत, एवढी वर्षं उतरलो होतो. जपानमध्ये चिकुहो भागातल्या खाणकामगारांनी आणि त्यांच्या वारसांनी हा लढा वर्षानुवर्षं चालवला, आणि २७ एप्रिल २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की धूळ रोखण्याचे अधिकार हातात असून सरकारने ते वापरले नाहीत, म्हणून सरकारही जबाबदार. अशा खटल्यांत हजेरीपट, पगाराची पाकिटं, पाळ्यांची छायाचित्रं, सोबत्याची साक्ष यांना किती मोल येत असेल याचा विचार करा. संग्रहालयात तो कागद ‘जुनी वस्तू’ म्हणून पडून असतो आणि एखाद्या दिवशी तोच पुरावा होतो.

युबारीतल्या १९८१ च्या अपघाताबद्दल थोडं सविस्तर लिहायलाच हवं, कारण तिथे या वादाचा गाभा आहे. १६ ऑक्टोबर १९८१. ‘नवी खाण’ म्हणून उघडलेली, आधुनिक यंत्रांनी सजवलेली, नमुना म्हणून दाखवली जाणारी खाण. खोल थरातून अचानक वायू उसळला, मग आग लागली. ९३ जण मेले, त्यात वाचवायला उतरलेलेही होते. आठवडा उलटला तरी आग विझेना, आणि ५९ जण अजून आत, बेपत्ता. कंपनीने खाणीत पाणी सोडायचं ठरवलं. त्यासाठी आत अडकलेल्यांच्या कुटुंबांची संमती हवी होती, म्हणून कंपनीची माणसं दारोदार गेली. २३ ऑक्टोबरला भोंगा वाजला आणि पाणी सोडलं गेलं. पुढे ते पाणी उपसून मृतदेह बाहेर काढण्यात महिने गेले. त्याच डिसेंबरात कंपनी कोसळली, वर्षभरात खाण बंद झाली.

आता सांगा, हा प्रसंग संग्रहालयात कसा मांडायचा? तिकिटाच्या हिशेबाने बघणारा म्हणेल, सुट्टीवर आलेल्या कुटुंबाला हे कशाला दाखवता, बोगद्यातून छान फेरफटका मारू दे. वारशाचा अभिमानी म्हणेल, शूर खाणकामगारांना मानवंदना द्या, फुलं वाहा. दोन्हींत एक प्रश्न गळतो: त्या दरवाजांवर जाऊन काय विचारलं गेलं, आणि ‘नाही’ म्हणण्याची मुभा कितपत खरी होती? ज्या घराचं भाडं, औषधपाणी आणि उद्याची भाकरी त्याच कंपनीच्या हातात, त्या घरातल्या बाईची संमती म्हणजे नेमकं काय? हा प्रश्न विचारायला त्याच गावाची जागा लागते. आपल्याकडे चासनाल्याच्या खाणीत २७ डिसेंबर १९७५ ला पाणी घुसून पावणेचारशेच्या आसपास माणसं बुडाली. आज किती जणांना ते नाव तरी ऐकल्यासारखं वाटतं?

नोंद असली की निष्काळजीपणाला चेहरा मिळतो, हे वेल्समधल्या सेंघेनिदने दाखवून दिलंय. १४ ऑक्टोबर १९१३ रोजी तिथल्या खाणीत स्फोट झाला. ४३९ कामगार आणि एक बचाव करणारा गेला. ब्रिटनच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा खाणअपघात. त्याच खाणीत १९०१ मध्ये ८१ जण मेले होते, म्हणजे धडा आधीच मिळालेला होता. हवा खेळवणाऱ्या पंख्याची दिशा झटपट उलटी करता यावी अशी सोय १९११ च्या कायद्याने सक्तीची केली होती. या खाणीला मुदत वाढवून मिळाली, ती सप्टेंबरअखेर संपली, काम झालं नव्हतं. दोन आठवड्यांनी स्फोट. खाणीच्या व्यवस्थापकाला दंड किती झाला? २४ पौंड. शंभर वर्षांनी, २०१३ मध्ये, गावात जे स्मारक उभं राहिलं तिथे मेलेल्यांची नावं एकेक करून लावलेली आहेत. ‘मोठी दुर्घटना’ एवढ्या दोन शब्दांत हे मावत नाही. ४३९ नावं आणि २४ पौंड शेजारी शेजारी ठेवले की वाचणारा स्वतःच गणित करतो.

हवामानबदलाचा आक्षेप आता. कोळशाने पृथ्वी तापवली, मग त्याची देवळं कशाला? आक्षेप प्रामाणिक आहे, आणि काही संग्रहालयं खरोखरच देवळासारखी झाली आहेत: उजळलेली यंत्रं, घामेजलेल्या पुरुषांचे पुतळे, ‘देश घडवणारा काळा हिरा’ छापाची वाक्यं. ती वाक्यं काढून टाका, माझी हरकत नाही. पण संग्रहालय नको म्हणणाऱ्याला विचारावंसं वाटतं की कोळशातून बाहेर पडायचं कसं हे शिकायला तुम्ही जाणार कुठे? ज्या गावांनी हे बाहेर पडणं भोगलंय तिथेच ना? पुढच्या काही दशकांत कित्येक देशांत खाणी मिटणार आहेत. तेव्हा कामगारांना काय मिळालं, घरं कुणाच्या नावावर झाली, गावाची शाळा किती वर्षांत ओस पडली, याची चोख नोंद युबारीसारख्या गावाकडे आहे. कोळसा वाईट म्हणून त्याची कागदपत्रं फेकून देणं ज्यांनी कोळशातून नफा कमावला त्यांच्याच पथ्यावर पडतं.

उलट टोकाचंही एक उदाहरण बघू, जिथे पर्यटन छप्पर फाडून यशस्वी झालं. अमेरिकेत कोलोरॅडोच्या डोंगरात क्रेस्टेड ब्यूट नावाचं गाव आहे. इथेही कोळसा होता. २४ जानेवारी १८८४ ला जोकरव्हिल खाणीतल्या स्फोटात ५९ जण गेले. मोठी खाण १९५२ मध्ये बंद झाली आणि दशकभरात डोंगरउतारावर स्कीचं मैदान सुरू झालं. आज घरांच्या किमती अशा की हॉटेलात भांडी घासणाऱ्याला गावात राहणं परवडत नाही. स्थानिक संग्रहालय जुन्या हार्डवेअर-दुकानाच्या इमारतीत आहे, दारात जुने पेट्रोलपंप अजून उभे. म्हणजे तिकिटांच्या मोजपट्टीने हे गाव पास, तेही पहिल्या श्रेणीत. मग प्रश्न सुटला? की इथे फक्त दुसरा प्रश्न उभा राहिला: खाणकामगारांची घरं लाखो डॉलरला विकली जातात तेव्हा त्यांची गोष्ट त्या घराची शोभा वाढवायला वापरली जात नाही ना? गिरणगाव पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार होते. आज चिमण्या कुठे कुठे राखल्या आहेत, आजूबाजूला काचेचे टॉवर आणि मॉल. चिमणी दिसते. भोंग्यावर धावणारा माणूस तिथे दिसत नाही, आणि त्याच्या घराचा प्रश्न तर अजून रांगेत उभा आहे.

‘मग सगळं राजधानीतल्या मोठ्या संग्रहालयात न्या, नाही तर स्कॅन करून इंटरनेटवर टाका, गावात कशाला?’ हा तोडगा ऐकायला शहाणपणाचा वाटतो. स्कॅन तर कराच, त्यात वाद नाही. पण राजधानीत नेल्यावर काय होतं याचा दाखला जपानमध्येच आहे. नागासाकीजवळच्या हाशिमा या खाणीच्या बेटासह काही औद्योगिक स्थळं २०१५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली. त्या वेळी जपानने मान्य केलं होतं की यांतल्या काही ठिकाणी १९४० च्या दशकात कोरियातून आणि अन्य ठिकाणांहून लोकांना मनाविरुद्ध आणून राबवलं गेलं, आणि त्यांची आठवण ठेवणारं माहितीकेंद्र काढू. केंद्र २०२० मध्ये उघडलं. कुठे? बेटापासून शेकडो किलोमीटर दूर, टोकियोत. त्यात काय सांगितलंय आणि काय गाळलंय यावर इतका गदारोळ झाला की २०२१ मध्ये युनेस्कोच्या समितीने तीव्र शब्दांत खेद नोंदवला. युद्धकाळात युबारीच्या खाणींतही कोरियन आणि चिनी मजूर राबवले गेले होते. ती नोंद टोकियोच्या मर्जीवर सोडायची?

गावाची माणसं जास्त प्रामाणिक असतात असा माझा भाबडा समज नाही. गावही लपवतं. आपल्या आजोबांनी परक्या मजुराला कसं वागवलं हे नातवाला ऐकायचं नसतं, आणि देणगीदाराच्या वडिलांचं नाव मुकादमांच्या यादीत निघालं तर ती यादी नेमकी दुरुस्तीला जाते. फरक एवढाच की गावात लपवलेलं उघड करणारा माणूसही तिथेच, चार घरं सोडून राहत असतो. वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरात मेटवन गाव आहे. १९ मे १९२० रोजी तिथे कंपनीचे खासगी हेर आणि खाणकामगारांची बाजू घेणारे लोक यांच्यात गोळीबार होऊन दहा जण मेले. पुढच्याच वर्षी ब्लेअर माउंटनवर हजारो सशस्त्र खाणकामगार उभे ठाकले. एवढं घडून राज्याच्या शाळांत पिढ्यान्‌पिढ्या त्याचा धड उल्लेख नव्हता. २०१५ मध्ये तिथल्या लोकांनीच छोटं संग्रहालय उघडलं आणि भिंतीवर हे सगळं लावलं. राज्याने शंभर वर्षांत न केलेलं काम एका लहान गावातल्या हौशी माणसांनी केलं.

माझ्या मते खाणीच्या संग्रहालयाचा सर्वांत चांगला नमुना क्यूशू बेटावरच्या तागावा शहरात आहे. साकुबेई यामामोतो १८९२ साली जन्मले. पोरवयातच खाणीत उतरले, आयुष्य तिथेच काढलं, आणि म्हातारपणी रात्रपाळीचे पहारेकरी असताना चित्रं काढू लागले. कला शिकलेले नव्हते. हेतू साधा: खाणीतलं जगणं नातवंडांना कळावं. चित्रांत नवरा आडवा पडून थर फोडतोय, बायको उघड्या अंगाने टोपली ओढतेय, न्हाणीघरात गोंदवलेल्या पाठी आहेत, चोरी करणाऱ्याला दिलेली शिक्षा आहे. आणि कडेच्या मोकळ्या जागेत बारीक अक्षरात मजकूर, कशाला काय म्हणत, तांदळाचा भाव काय, मजुरी काय. २०११ मध्ये ही चित्रं आणि नोंदवह्या युनेस्कोच्या जागतिक स्मृतिसंग्रहात गेल्या, जपानमधून पहिल्यांदाच. यातलं काहीही पर्यटकासाठी काढलेलं नव्हतं. ते सांभाळलं कुणी? शहराच्या स्थानिक संग्रहालयाने. ते संग्रहालय तिकिटाच्या तराजूत तोललं असतं तर ही चित्रं भंगारात जायला कितीसा वेळ लागला असता?

एक आक्षेप उरतो, आणि तो मला सर्वांत अवघड वाटतो. खुद्द खाणकामगारांनाच हे नको असेल तर? पोरांना खाणीत जावं लागू नये म्हणून ज्यांनी हाडं झिजवली, त्यांना पुन्हा तोच अंधार कशाला दाखवायचा? कुणी बोलायचं नाही म्हणत असेल तर त्याच्या तोंडासमोर रेकॉर्डर धरू नये, एवढं नक्की. पण बोलू पाहणाऱ्यालाही जागा हवी. वेल्समधल्या ब्लेनाव्हॉनची बिग पिट खाण १९८० मध्ये बंद झाली, १९८३ पासून लोकांसाठी खुली झाली, आणि २००१ मध्ये संग्रहालयाचा प्रवेश फुकट झाला. पिंजऱ्यातून नव्वद मीटर खाली उतरण्याआधी घड्याळ, मोबाइल, काडेपेटी, बॅटरीवर चालणारं सगळं काढून ठेवावं लागतं, कारण खाली अजूनही खाणीचेच नियम लागू आहेत. कमरेला बचावाचा डबा, डोक्याला दिवा. खाली नेणारे बरेच मार्गदर्शक पूर्वीचे खाणकामगार. ज्याने दम कोंडणाऱ्या बोगद्यात वर्षं काढली, तो ते सांगतो तेव्हा पाहुण्यांच्या करमणुकीपेक्षा त्याचा स्वतःचा शब्द मोठा असतो. त्याला पगारही मिळतो. फुकट प्रवेशाचा खर्च वेल्सच्या सार्वजनिक तिजोरीतून होतो, आणि तसाच तो व्हायला हवा, कारण त्या कोळशाची ऊब एकट्या ब्लेनाव्हॉनने घेतलेली नव्हती.

युबारीच्या बाबतीतही हिशेब असाच मांडायला हवा. संग्रहालयाची डागडुजी होऊन ते २०१८ मध्ये पुन्हा उघडलं, आणि एप्रिल २०१९ मध्ये पाहुण्यांना दाखवायच्या बोगद्यात आग लागली. हा बोगदा म्हणजे प्लास्टरचा देखावा नव्हे, खरा खाणीचाच. आग विझवायला पाणी भरावं लागलं आणि विझायला आठवडे गेले. मग पुन्हा तीच मोजपट्टी निघाली: दुरुस्तीचा खर्च किती, पाहुणे किती, परतावा किती. बंद करून टाका म्हणणं सोपं असतं, पण बंद करणंही फुकट नसतं. युबारीचं कलासंग्रहालय असंच वाऱ्यावर सोडलं होतं. २०१२ च्या हिवाळ्यात बर्फाच्या भाराने त्याचं छप्पर कोसळलं, आणि आतली चित्रं ढिगाऱ्यातून बाहेर काढावी लागली.

कर्जफेडीची मुदत ठरल्याप्रमाणे मार्च २०२७ मध्ये संपते. हातात थोडे पैसे खुळखुळू लागले की कुणीतरी पुन्हा पर्यटनाचा आराखडा घेऊन येणार, हे सांगायला ज्योतिषी नको. मला विचाराल तर बोगदा शेवटी दुरुस्त करावा, झालाच तर. आधी हजेरीपट, अपघाताची कागदपत्रं, कामगार संघटनेची दप्तरं आणि हयात असलेल्यांच्या साक्षी एका कोरड्या, आगीपासून सुरक्षित खोलीत आणाव्यात. तिथे दोन पूर्णवेळ माणसं नेमावीत आणि त्यांचा पगार गावाच्या माथी न मारता राज्य आणि केंद्राच्या ऊर्जाखात्यातून द्यावा. ज्या धोरणाने खाणी उघडल्या आणि ज्या धोरणाने मिटवल्या, ती दोन्ही तिथेच ठरली होती.